सध्या कोणती कादंबरी वाचताय? आणि 'धग'च्या वऱ्हाडीपाशी अडलेय, मदत हवी

सांजवात

उद्धव शेळक्यांची 'धग' ग्रंथालयातून आणली आहे. ही तिसरी खेप. आधी दोनदा चाळिसाव्या पानाच्या आसपास पुस्तक परत गेलं, आणि आताही तिथेच येऊन थांबलेय.

कौतिक पहिल्या काही पानांतच मनात शिरली. सगळा संसार एकटीनं ओढणारी बाई आणि शेजारी महादेवसारखा नवरा. पुढे काय होतं ते कळायलाच हवं असं वाटतं, तरी वाचन सरकत नाही. माझं माहेर राजापूरचं, सासर डोंबिवलीचं. वऱ्हाडी कधी कानावर पडलेली नाही. संवाद आला की मी आधी त्याचा अर्थ लावते, मग पुढचं वाक्य घेते, आणि तेवढ्यात दोघांच्या भांडणातला ताव निघून जातो.

१९६० सालची ही कादंबरी. ज्यांच्या मतावर मी पुस्तकं निवडते अशा किती तरी जणांनी ती वाचच म्हणून सांगितलंय, म्हणून सोडवत नाही. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बोलीभाषेतली कादंबरी तुम्ही कशी वाचता? आणि सध्या तुमच्या हातात कोणती कादंबरी आहे, ती इतरांनी वाचावी का? पुस्तकाची मुदत पंधरा दिवस आहे, त्यातले चार गेले.

अंबानगरी

ताई, पुस्तक परत करू नका. मी अमरावतीचा, बारा वर्षं पुण्यात आहे. 'धग' मी दर दोन-तीन वर्षांनी काढतो, आईचा आवाज ऐकावासा वाटला की.

तुम्हाला चार गोष्टी सांगतो, त्या धरल्या की निम्मं काम होईल. 'ला'च्या जागी 'ले' येतो: मले, तुले, घराले. 'ळ' बरेचदा 'य' होतो: डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. 'काऊन' म्हणजे का. आणि 'जातोय' असं आम्ही म्हणत नाही, 'जाऊन रायलो' म्हणतो. विस्तवाला इस्तो, शेताला वावर. निवेदन प्रमाण मराठीच्या बरंच जवळ आहे, बोली मुख्यतः संवादांत आहे. म्हणजे पानभर अडखळायला होत नाही, माणसं बोलायला लागली की होतं.

आणि मुख्य म्हणजे डोळ्यांनी वाचू नका, तोंडानं वाचा. मोठ्यानं. वऱ्हाडी कागदावर परकी दिसते, पण कानाला ती मराठीच लागते.

शब्दवेडी_नगर

मोठ्यानं वाचण्याला अनुमोदन. सध्या 'ब्र' वाचतेय, कविता महाजन यांची. महिला सरपंचांचे अनुभव वाचताना दर दहा पानांनी पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहते. २००५ साली आलेली कादंबरी आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सरपंचबाईंच्या जागी त्यांचे यजमान बैठकीला आलेले बघते, त्यामुळे जास्तच लागतं. जरूर वाचा.

अभिजित_एरंडवणे

माझं मत थोडं वेगळं आहे. आनंद यादवांची 'गोतावळा' मी तीस पानांनंतर ठेवून दिली. तिथे फक्त संवाद नाहीत, सगळं निवेदनच बोलीत आहे, आणि ते मला थकवतं. संवाद बोलीत असावेत, निवेदन सर्वांना कळेल असं असावं. माडगूळकरांची 'बनगरवाडी' बघा. माणदेशातली माणसं, त्यांचं बोलणं, धनगरांची ती वस्ती, सगळं उभं राहतं, आणि कोल्हापूरच्या माणसाइतकंच मुंबईच्या माणसालाही ते लगेच पोचतं. शिवाय किती लहान पुस्तक! मास्तर तालीम बांधायला घेतो, अख्खी वाडी त्यात गुंतते, आणि मग दुष्काळ येतो. एक वाक्य जास्तीचं नाही. मी सध्या तिसऱ्यांदा वाचतोय. माझ्या मुलीला नववीत वाचायला दिली, तिनं दोन दिवसांत संपवली.

कागलकर

अभिजितजी, 'बनगरवाडी'बद्दल एकमत. पण 'गोतावळा' तुम्ही जिथं ठेवली तिथून ती पुन्हा उचला अशी विनंती आहे, आणि का ते जरा सविस्तर लिहितो.

'बनगरवाडी' सांगतो तो मास्तर. शिकलेला, बाहेरून आलेला. त्याची भाषा आपल्यासारखी असणं बरोबरच आहे. 'गोतावळा' सांगतो तो नारबा. तो मळ्यावरचा गडी आहे, त्याला घर नाही, बायको नाही. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. तो विचार करणार तो त्याच्याच भाषेत. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जायला लागतं, ही गोष्ट जर पुण्याच्या मराठीत सांगितली असती तर ती शेतीच्या प्रगतीची गोष्ट झाली असती. नारबाच्या तोंडून ती घरातली माणसं एकामागून एक जाण्याची गोष्ट होते. तिथं बोली काढली तर कादंबरीच उरत नाही.

आमच्या घरी १९९४ साली ट्रॅक्टर आला. मी दहा वर्षांचा होतो. हार घातला, पेढे वाटले. त्याच महिन्यात खिलारी जोडी बाजाराला गेली. आजोबा काही बोलले नाहीत. पण पुढं कितीतरी दिवस पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचे. आई चहा तिथंच नेऊन द्यायची. त्यांना काय वाटत होतं ते मला कॉलेजात 'गोतावळा' वाचल्यावर कळलं, आणि तोवर आजोबा गेले होते. पुस्तक १९७१ चं आहे. आमच्या गोठ्यात ते वीस-बावीस वर्षं उशिरा घडलं इतकंच.

मांजराकाठ

कागलकरदादा, तुमचं वाचून गलबलून आलं.

१९७१ सालचीच आणखी एक, रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. ती गंगारामची बायको पार्वती सांगते, उस्मानाबादकडच्या बोलीत, आमच्या बोलीत. बाईनं चुलीपुढं बसून शेजारणीला सांगावं तसं. मी लातूरला बीएला असताना आमच्या बाईंनी वर्गात वाचून दाखवली होती. अर्धा वर्ग रडला. 'असं बोलणं छापतात?' हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याआधी मी शहरातल्या मुलींपुढं तोंड उघडायला लाजायची. २०२५ च्या फेब्रुवारीत बोराडे सर गेले, त्या रात्री पुन्हा काढून पहिली वीस पानं वाचली.

अभिजित_एरंडवणे

कागलकर, तुमचा मास्तर आणि नारबा यांच्यातला फरक पटला. कोण सांगतंय यावर भाषा ठरते, हे मी असं पाहिलं नव्हतं. 'गोतावळा' पुन्हा घेतो. थकवा येईल तो येऊ दे.

निगडीचा_ओंकार

मी इथं नवीन आहे. मला एवढं जुनं वाचन नाही. 'तुंबाड' चित्रपट दोनदा बघितला, मग श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' दिसलं आणि घेतलं. घरी आल्यावर कळलं की चित्रपटाचा त्याच्याशी संबंध फक्त नावापुरता आहे, चित्रपटामागे नारायण धारपांची एक कथा आहे. पण आता दोन जाडजूड खंड घरात आहेत आणि पहिल्याची दोनशे पानं झालीत. भूतबीत नाही, पण सोडवत नाहीये. फक्त माणसं फार आहेत, कोण कोणाचा मुलगा ते लक्षात राहत नाही. काय करू?

फोंड्याची_शालनमावशी

बाळा ओंकार, एक मोठा कागद घे आणि वंशावळ काढायला लाग. नवीन माणूस आला की नाव लिही. मी १९८९ साली तसंच केलं होतं, तो कागद अजून माझ्या प्रतीत घडी घालून ठेवलाय. चार पिढ्या आहेत, कागद आडवा धर.

आमच्याकडे घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पेंडशांचं कोकण मला म्हणून फार जवळचं वाटतं. जगबुडी नदी त्या कादंबरीत एखाद्या माणसासारखी वावरते. माझ्या यजमानांना मी दुसरा खंड वाचून दाखवला, त्यांचे डोळे गेले होते तेव्हा. रोज रात्री जेवणानंतर एक तास. खोतांपैकी कुणी चुकीचं वागला की ते पलंगावरून मोठ्यानं ओरडायचे, 'अरे, नको करू!' शेजारची सून एकदा धावत आली, काय झालं म्हणून.

चिपळूणची_सई

मावशी, किती छान लिहिलंत. मी मात्र 'तुंबाडचे खोत' दुसऱ्या बाजूनं वाचली, तेही इथं असावं म्हणून लिहिते.

माझे पणजोबा कूळ होते. खोताकडे राबायचे. खोत म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा, पण गावात त्याचाच शब्द कायदा. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, ते का, हे आमच्या घरात आजीच्या तोंडून कळलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्यामुळे खोतांच्या वाड्यातली सुखदुःखं इतक्या मायेनं लिहिलेली वाचताना मला सुरुवातीला राग येत होता. वाड्याच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसांच्या घरी रात्री काय शिजत होतं, ते मला वाचायचं होतं.

पण पुस्तक सोडलं नाही. पेंडसे खोतांचा माज झाकत नाहीत, आणि ते घराणं आतून कसं पोखरत जातं ते लिहिताना हात आखडत नाहीत. मी ती कादंबरी आवडली म्हणूनच सांगेन. सोबत हेही सांगेन की कुळाच्या घरातून लिहिलेली एवढीच मोठी कादंबरी मला अजून वाचायची आहे. कुणाला माहीत असेल तर नाव सांगा.

फोंड्याची_शालनमावशी

सई, बरं केलंस लिहिलंस. मी चार वेळा वाचली पण अंगणातून कधी वाचली नव्हती. आता वाचीन.

कागलकर

सई, कुळाची नाही, पण वाड्याच्या बाहेरून लिहिलेली म्हणून 'फकिरा' आहेच. अण्णा भाऊ साठे, १९५९. कितीही वेळा वाचा, त्यातला वेग तसाच आहे.

परदेशी_पाखरू

न्यू जर्सीतून लिहितेय. माझी पद्धत अशी की भारतातून येताना दर वेळी पाच मराठी कादंबऱ्या आणायच्या आणि वर्षभर पुरवायच्या. यंदाच्या पाचातली पहिली विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. १९३९ सालची! युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, मुंबईला परतणारा चक्रधर आणि हॅर्टा. एका रात्रीत संपवली, पहाटे चार वाजता. ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षी एका मराठी माणसानं हे लिहावं! हातात पासपोर्ट असून कुठलाच देश उतरवून घेत नाही, त्या माणसांचं बोलणं वाचताना मला आजच्या बातम्या आठवत होत्या. आणि शेवटी हॅर्टा जे

मांजराकाठ

थांबा, थांबा! शेवट नका सांगू, मी परवाच घेतलीय!

परदेशी_पाखरू

माफ करा, अर्धं वाक्य तसंच गेलं. शेवटाबद्दल काही बोलत नाही. इतकंच की वाचून झाल्यावर दोन दिवस दुसरं पुस्तक उघडू नका.

बेळगावचा_वाचक

माझ्या हातात सध्या भैरप्पांची 'पर्व', उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली. मला कन्नड येतं, मूळही वाचलंय, तरी मराठीतली पुन्हा वाचतोय. महाभारत आहे, पण चमत्कार काढून टाकलेलं. थकलेली, म्हातारी झालेली, जमिनीवरची माणसं.

वर मोठ्यानं वाचण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. उमाताईंनी त्यांच्या आत्मचरित्रात लिहिलंय की त्यांचे पती विरुपाक्ष त्यांना कन्नड पुस्तकं वाचून दाखवत आणि त्या ते ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे एवढी मोठी 'पर्व' आपल्याकडे कानांवाटे आली आहे. हे कळल्यापासून मी तिच्यातली लांब स्वगतं हळू आवाजात वाचतो. कुंती तर अशीच वाचायची.

शब्दवेडी_नगर

मग ऐकण्याच्या पुस्तकांबद्दल काय म्हणाल? मी शाळेत जाता-येता एसटीत ऐकते. रोज दोन तास. काही जण म्हणतात ते वाचन नाही.

अंबानगरी

वाचनच आहे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं आणि अख्खा हरिविजय पाठ होता.

अभिजित_एरंडवणे

माझ्या मते दोन्ही वेगळं आहे. ऐकताना मी मागे जाऊन एखादं वाक्य पुन्हा बघत नाही, वाचताना सारखा बघतो. पण एसटीत दोन तास काही न करण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

शिवसागर_६४

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचून संपवली. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ती. धरणामुळं उठवलेल्या गावातला देवा, जुन्या जागी मागं राहिलेली म्हैस आणायला परत जातो. गोष्ट एवढीच आहे. पण ती म्हैस आता माणसाची राहिलेली नाही, रानाची झालीय.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात आहे. मी ते पाहिलेलं नाही, माझा जन्म रायगडातल्या वसाहतीतला. वडील सांगायचे की गाव सोडताना उंबरठ्याचा दगड काढून गाडीत घातला होता. तो आमच्या दारात अजून आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की ते तिथं जाऊन काठावर उभे राहायचे. कुठं बघायचे ते आम्हाला कळायचं नाही, आम्हाला नुसता चिखल दिसायचा.

या विषयावर आधी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' वाचली होती. तिच्यात कचेऱ्या, मोजण्या, नुकसानभरपाई, पुढारी हे सगळं येतं. वडिलांना ती पुरी झाली, ते म्हणायचे यात आपला कागद न्‌ कागद आहे. मला 'रिंगाण' जास्त लागली. आमच्याकडं कागद सगळे आहेत, फायलीच्या फायली आहेत. म्हैस कुठं गेली ते कुणी लिहिलं नव्हतं.

तीही बोलीत आहे, सांजवातताई. घाबरू नका.

मांजराकाठ

शिवसागरदादा, 'रिंगाण' आजच मागवते.

निगडीचा_ओंकार

मावशी, वंशावळ काढली! पहिल्या खंडाची साडेचारशे पानं झाली. कागद भरला, दुसरा चिकटवलाय. आईनं विचारलं हे कुणाचं खानदान, आणि आता ती पण वाचतेय. आम्ही दोघं एकाच प्रतीत आहोत, तिची खूण माझ्या पुढं गेली आहे.

फोंड्याची_शालनमावशी

शाब्बास. आईला माझा नमस्कार सांग.

अभिजित_एरंडवणे

'गोतावळा' संपली. मागच्या वेळी मी तीस पानांवर सोडली, या वेळी ती पानं पुन्हा वाचली, काल रात्री बायकोला शेजारी बसवून मोठ्यानं. ती सांगलीची. 'मोट', 'वैरण' असे शब्द आले की ती सहज पुढं नेत होती, आणि मध्येच म्हणाली, आमचे आजोबा असंच बोलायचे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिच्या आजोबांबद्दल मी कधी इतकं ऐकलं नव्हतं. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणात हा माझा आग्रह मी मागे घेतो. निदान नारबापुरता.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तक काल परत केलं, मुदतीच्या एक दिवस आधी. 'धग' पूर्ण वाचली.

कसं जमलं ते सांगते. अंबानगरींचं वाचून मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अकोल्याच्या आहेत हे मला माहीत होतं, पण चार वर्षांत आमचं बोलणं पाणी आणि पार्किंगपलीकडे गेलं नव्हतं. जिन्यात त्यांनी माझं वाचन ऐकलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'डोया' असं नाही ओढायचं, तोडून म्हण. मग पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि एक पान वाचलं.

ती कौतिकच बोलत होती हो. मी तीनदा ज्या पानावर अडले तेच पान. मला एक शब्द विचारावा लागला नाही.

त्यानंतर रोज दुपारी तीन ते चार. संवाद काकू वाचायच्या, निवेदन मी. महादेवचं बोलणं आलं की काकूंचा आवाज चढायचा, त्यांना तो माणूस अजिबात सहन होत नव्हता. कौतिकचे कठीण प्रसंग आले तेव्हा मात्र त्या पुस्तक माझ्याकडे द्यायच्या आणि 'तू वाच' म्हणायच्या. शेवटची पंधरा पानं मीच वाचली. काकू पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी चहा टाकला आणि त्यांच्या आईबद्दल सांगायला लागल्या. कापूस वेचायला जाताना धाकट्या भावाला पाठीशी बांधून न्यायची ते, आणि बरंच काही जे इथं लिहिण्यासारखं नाही. सहा वाजून गेले तरी आम्ही उठलो नाही.

'धग' वाचायची का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर: वाचा, पण जमलं तर एखाद्या वऱ्हाडी माणसाबरोबर वाचा.

आता काकू विचारताहेत पुढचं कोणतं. मी 'गोतावळा' आणलीय. पण ती कोल्हापूरकडची, काकूंनाही अडतं आणि मलाही. पहिल्या पानावरच दोघी थांबलोय.

अंबानगरी

काकूंना अमरावतीचा रामराम सांगा.

कागलकर

ताई, व्यक्तिगत निरोप बघा, नंबर दिलाय. फोन लावून स्पीकरवर ठेवा, पहिली दहा पानं मी वाचून दाखवतो. पुढं तुमची तुम्हाला चाल सापडंल. फक्त सातनंतर करा, धारा काढून झाल्यावर.